गाडीले हार, बैलाले काय?

हसायचं असंन तर आताच हसून घ्या बाप्पा! मंग चाय नाकातून निघंन आन मले बोल लावसान. माह्या हातून जो घोटाळा झाला, थो साऱ्या गोंडपिपरीले मालूम आहे. पन जो थो आपल्या मनानं मीठमसाला लावून सांगते. कोनी म्हनते मी मशीन फोडली. कोनी म्हनते मले करंट लागला. सब झूठ! खरं काय झालं थे ज्यानं केलं त्याच्याच तोंडून ऐका.

आमची रोडाच्या कडेले एक पडीत जागा आहे. बैल बांधतो तिथी. माह्या पोराले, म्हंजे दिलीपले, त्या जागेवर बॅटरी बदलाचं ठेसन पाह्यजे होतं. बिजलीवर चालनारी मोटार येते, थकलेली बॅटरी काढून देते, भरलेली घेते आन निंघून जाते. ठेसन कंपनीचं, जागा आमची, आन कामावर दिलीप. दुसऱ्याची जीप हाकून हाकून पोराची कंबर गेली होती. त्याले हे काम भेटलं तर घरी राहून दोन घास सुखाचे खाईन, एवढीच त्याची आस.

पन जागा माह्या नावानं! आन मी कोनाच्या बापाचं ऐकत नाई. म्या सांगतलं, "कंपनीले म्हना, आधी इथी येऊन करून दाखवा. डोळ्यानं पाहीन, मंग सही करीन."

कंपनी तयार झाली. बाजाराच्या मैदानात गाडी येनार असं ठरलं. झालं! गाडी याच्या आधीच चायठेल्यावर तज्ज्ञ पैदा झाले. आमच्याकडं वाघ दिसला तर लोकं दोन दिस बोलतेत, या गाडीवर महिनाभर बोलले. आन पाह्यली कोनीच नोती!

ठेल्याच्या बाजूले रशीदभाईचं पंक्चरचं दुकान. जिंदगी टायर खोलन्यात गेली, म्हनून थो सोताले विंजिनेर समजते. थो म्हने, "लटारीभाऊ, सीधी बात आहे. गॅसच्या सिलेंडरवानी. खाली दो, भरा हुआ लो. दोन मानसं येतीन, उचलतीन, ठेवतीन. खतम!"

कोनी म्हने क्रेन लागते. कोनी म्हने गाडीले कासवावानी उलटी करतेत. शाळेतले मास्तर म्हने, आता बॅटरी हवेतूनच भरते. मास्तरले कोनी काई म्हटलं नाई. मास्तर आहेत ना!

मले राहवलं नाई. म्या म्हटलं, "रशीद, तुहा सिलेंडर गाडी वढते का बे?"

"नाई वढत."

"आन बॅटरी?"

"वढते."

"मंग गाडी वढते थो कोन?"

"बैल!" चायवालाच बोलला मधातून.

"हां! पह्यले बंडीत धान भरून चांद्याले जात होतो, तं आध्या रस्त्यात थकली जोडी सोडून ताजी जुपत होतो. बंडी थेच, बैल नवे. हेच तं आहे! इंग्रजी नाव ठेवलं म्हनून इद्या नवी होते काय?"

तिथून गावात दोन पार्ट्या पडल्या. सिलेंडरपार्टी आन बैलपार्टी. माही म्हातारी बी घरातल्या घरात सिलेंडरपार्टीत गेली. चुलीपासून तिले सिलेंडरनंच सोडवलं म्हने!

मंग म्या मोठा गोळा टाकला. "आपला जवान बैल घेऊन कंपनी म्हातारा बैल आपल्या गळ्यात बांधनार नाई कशावरून? बैलाचे दात तरी पाहता येते. बॅटरीचं तोंड कोनी उघडून पाहीन?"

रशीदभाई मुंडी खाली घालून टायर खोलाले लागला! त्या दिवसापासून बैलपार्टीत गर्दी वाढली आन माह्या मिशीचा ताव बी वाढला.

दाखवाचा दिवस आला. सकाळीच एका ट्रकात लोखंडाचा मोठा ओटा आला. वरून सपाट, खालून पोकळ. त्याच्यामांगं पांढरीफेक गाडी. सोबत नागपूरची एक मॅडम, चुनचुनीत पोरगी, आन एक साहेब. गाडीले झेंडूचा हार घातला, पुढं नारळ फोडलं, चारही चाकाखाली लिंबू ठेवले. आन सारे गेले तर्रीपोहा खायाले.

मी तिथीच उभा. हार गाडीले, लिंबू गाडीले, नारळ गाडीले. आन बॅटरीले? काईच नाई! म्या म्हटलं, कायची ही रीत? पोळ्याले कोनी बंडी सजवते आन बैल उपाशी ठेवते काय?

आता खरं सांगतो, हे दिलीपले सांगू नोका. तोंडानं मी कितीबी बोंबललो तरी मनात होतं, पोराचं काम व्हावं. बैलाचा मान राहून गेला आन काई विघ्न आलं तं? म्हनून घरी गेलो, म्हातारीच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, तेलात कालवलं आन आलो. कंबर वाकत नोती, तरी त्या ओट्याखाली शिरलो. पाहतो तं अंधारात एक काळं, चपटं जनावर बसलेलं! आन मधोमध, बरोबर कपाळाच्या जागी, गोल काच चमकून राह्यली.

म्या म्हटलं, भेटला बैल!

अंगठा भरून टिळा लावला. पोळ्याले लावतो तसा, जाड! हात जोडले, "सांभाळ रे राजा" म्हटलं आन बाहेर आलो. मोठ्या समाधानानं मिशीवर हात फिरवला.

सारं गाव जमलं. गाडी ओट्यावर चढली. मॅडमनं बटन दाबलं. खालून थे काळं जनावर वर आलं, जरा डाव्या बाजूले गेलं, जरा उजव्या बाजूले गेलं, चाचपलं, आन "टूं टूं" करून खाली बसलं.

मॅडमनं पुन्हा बटन दाबलं. पुन्हा थेच! नवी सून अंधारात माठ शोधते तसं शोधे, आन "टूं टूं" करून बसे.

मॅडम काय अडलं थे पाहाले ओट्याखाली शिरली. साहेब दिलीपले म्हने, "इथं काहीतरी अडचण दिसते. आपण राजुऱ्याकडची जागा बघू." दिलीपचा चेहरा असा उतरला का पाहवे नाई.

आता शाना मानूस अशा वक्ती चूप बसते. पन मी? माह्या जिभेले हाड नाई! सीधा गेलो आन माईक घेतला. "ऐका गाववाल्याहो! म्या महिन्यापासून सांगून राह्यलो. बैल वळखीच्या मानसाशिवाय जू घेत नाई! या मशीनले बैल कुठी आहे थेच दिसत नाई. ही मशीन आंधळी आहे, आंधळी!"

लोकं हसले. म्या म्हटलं, रंगलं भाषन! मिशीवर ताव देल्ला. लोकं आखीन हसले. म्या आखीन ताव देल्ला. जेवढा ताव देऊ तेवढे थे पोट धरू धरू हसत. मले वाटलं, पुढच्या निवडणुकीत उभंच राहावं लागते आता!

तेवढ्यात मॅडम ओट्याखालून बाहेर आली. बोट लाललाल. तिनं बोट नाकाशी नेलं. "हे कुंकू आहे. तेलातलं. कॅमेऱ्यावर कुणी लावलं?"

सारे एकमेकाकडं पाहाले लागले. आन रशीदभाई, माह्या बाजूले उभा राहून, असा गुळावानी गोड बोलला, "मॅडम, गाव मोठं आहे, कसं सांगाचं? पन लटारीभाऊ, तुमची पांढरी मिशी सकाळपासून लाल कशी होऊन राह्यली?"

आरारारा! अंगठ्याचं कुंकू! जितका ताव देल्ला तितकी मिशी रंगली होती. लोकं भाषनाले नाई, मिशीले हसून राह्यले होते!

मॅडम म्हने, "आजोबा, का हो लावलंत?"

"गाडीले हार देल्ला, बैलाले काईच नाई, म्हनून." आता लपवाचं काय राह्यलं होतं?

थे हसली बिचारी. "आजोबा, ती बॅटरी नव्हतीच. बॅटरी गाडीच्या पोटात आहे. खालचं ते बॅटरी काढणारं मशीन. आणि तुम्ही टिळा लावला तो त्याचा डोळा."

म्हंजे पाहा! बैलाले टिळा लागलाच नोता. बैल सोडनाऱ्या गड्याच्या डोळ्यात म्या कुंकू फासलं, आन वरून माईकवर त्यालेच आंधळा म्हटलं!

मॅडमनं काच पुसली, बटन दाबलं. काळ्यानं थकलेली बॅटरी काढली, नवी बसवली, गाडी खाली उतरली. तोवर माह्या बाजूच्या मानसाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून बी व्हाचाच होता! साऱ्यानं टाळ्या वाजवल्या. बैलपार्टीवाल्यानं बी, गद्दार कुठले!

साहेब माह्याकडं आले. "मग आजोबा, जागा देता का?"

दिलीप माह्याकडं पाहून राह्यला. आता लाल मिशीचा मानूस नाई म्हनू शकते काय? तिथीच सही ठोकली.

ठेसन झालं. उद्घाटनाले मले सगळ्यात मानाची खुर्ची, गादीवाली. फक्त थे रोडाच्या पल्याड मांडली होती. म्या म्हटलं, बरं आहे, सावली आहे. गळ्यात हार घातला. एका हातात नारळ देल्लं, दुसऱ्या हातात फुलाचा मोठा गुच्छा. बसलो ऐटीत. तिकडं फीत कापली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले, पन नारळ फोडाले मले कोनी बोलावेच ना!

बाजूले म्हातारी बसली होती. म्या म्हटलं, "नारळाचं राहू दे. पन इज्जत पाहा आपली! दोन्ही हात भरून मान देल्ला कंपनीनं."

म्हातारी पेढा चघळत म्हने, "मान कायचा? मॅडमनं दिलीपले सांगतलं, कार्यक्रम होतपर्यंत बाबाचे दोन्ही हात गुंतवून ठेवा."