रमादादाच्या प्रवाळांचा उजेड

कोपरखैरण्यात, बोनकोड्याच्या बाजारात कोळंबी निवडत होते तेव्हा वहिनीचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा. "नीला, हे टँकसमोर बसलेत. चहा गार झाला. हाका मारतेय, पण उठत नाहीत गं." मी हसून म्हणाले, तो कधी पहिल्या हाकेला उठलाय? तिकडून नुसता टँकच्या पंपाचा आवाज येत राहिला... आणि मी कोळंबी तिथेच टाकून रिक्षाकडे धावले. कोपरखैरण्याहून सानपाडा तसं जवळच, पण त्या दिवशी रिक्षा पोचता पोचेना. मी गेले तोवर खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले होते. दादा त्याच्या ठेंगण्या स्टुलावर होता, पाठ भिंतीला टेकलेली, नजर माशांच्या टँकच्या काचेकडे. आत निळा उजेड होता आणि सगळं हलत होतं. त्याच्या चष्म्याच्या काचांतही ते हलताना दिसत होतं, म्हणून कितीतरी वेळ मला तो बघतोच आहे असं वाटत राहिलं. अजूनही डोळे मिटले की मला आधी तो चष्मा दिसतो.

रमाकांत हा माझा मोठा भाऊ. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. आम्ही खाडीकाठचे कोळी. बाबांची होडी होती, आई मासळी विकायची, आणि आमच्या दोघांच्या शाळेचा सगळा खर्च त्या पाटीतून निघाला. खाडीत पुढे काही मिळेनासं झालं, बाबा गेले, होडी गेली. दादा नोकरीला लागला, मी शिक्षिका झाले. मग एके दिवशी या महाशयांनी सोसायटीतल्या आपल्या घराच्या हॉलमध्ये भिंतभर काचेचा टँक आणून ठेवला आणि त्यात चक्क समुद्र तयार करायला घेतला. आई बघायला आली. पदराने काच पुसून आत डोकावली आणि म्हणाली, "इकत घेतलेली मासली आनि खायाची नाय? मंग कनाला आनली?" हा प्रश्न तिने पुढची कितीतरी वर्षं विचारला. दादा प्रत्येक वेळी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचा की मासे नावापुरते आहेत, खरी गंमत त्या दगडांत आहे. त्यावर आई माझ्याकडे बघायची, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय का, अशा नजरेने.

ते दगड म्हणजे प्रवाळ. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, वर जांभळी टोकं, काही मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे. परदेशात शेती करून वाढवलेले नखाएवढे तुकडे तो आणायचा. आपल्या समुद्रातला एक खडासुद्धा घरात येणार नाही, हा त्याचा नियम होता आणि त्या बाबतीत तो आईसारखाच हट्टी होता. दिसायला दगड असले तरी ते जिवंत प्राणी. पाण्यातला चुना घेऊन हळूहळू आपलं हाड वाढवतात, आणि मनाविरुद्ध काही झालं की वरची जिवंत कातडी गळून खाली नुसतं पांढरं हाड उरतं. एकदा एक फांदी अशी सोलायला लागली. मी आपली तावातावाने म्हणाले, औषध टाक, पाणी बदल, काहीतरी कर. दादाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि स्टुलावर जाऊन बसला. "आधी बघ," म्हणाला. "कुठून सुरू झालंय? खालून, वरून, का एकाच बाजूने? ते कळल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही." एका बाजूने सुरू झालं होतं. एक गोगलगाय पंपाच्या तोंडावर चढून बसली होती, त्यामुळे पाण्याचा झोत वळून थेट त्या फांदीवर आदळत होता. दादाने गोगलगाय उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला बसला. वहिनी म्हणाली, माझं डोकं दुखतं तेव्हा एवढं निरखून कधी बघत नाहीत. तो नुसता हसला. मला तेव्हा त्याचा रागच आला होता, खरं सांगायचं तर. आता त्या हसण्यासाठी जीव तुटतो.

तो गेला त्याच जागी, स्टूल बाजूला सरकवून, आईने पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला. माणूस जिथे जातो तिथे दहाव्यापर्यंत दिवा तेवत ठेवायचा, तो विझू द्यायचा नाही, नाहीतर गेलेल्याला वाट दिसत नाही, असं आमच्याकडे मानतात. सकाळी त्या पिठावर कसली खूण उमटलीय का ते बायका वाकून वाकून बघायच्या. कुणाला पक्ष्याचं पाऊल दिसलं, आईला माशाचं शेपूट दिसलं, मला मुंग्यांची रांग दिसली. पण त्या घरात मला रात्री राहायचा धीर होत नव्हता, हेही तितकंच खरं. टँकमधलं पाणी आटून कमी झालं की एक छोटा पंप आपोआप सुरू होऊन नवं पाणी सोडतो, आणि सुरू होताना घसा खाकरल्यासारखा आवाज करतो. हुबेहूब दादासारखा. दिवसभर माणसांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये तो आवाज आला की बोलणं मध्येच थांबायचं. आई तर दर वेळी मान वर करून म्हणायची, "आयलास?" आणि मग पदर तोंडाला लावायची.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि प्रवाळ पांढरे पडायला लागले.

वहिनीनेच आधी पाहिलं. फोनवर तिचा आवाज त्या पहिल्या दिवसासारखाच सपाट होता. म्हणाली, "नीला, हे परत चाललेत." त्या दोघांना मूलबाळ नाही. दादाच्या हातचं, वाढणारं, श्वास घेणारं असं त्या घरात एवढंच उरलं होतं. ते गेलं तर मी या घरात राहणार नाही, हे ती मला नंतर म्हणाली, रडत नव्हे, भाजी चिरता चिरता. त्यामुळे शाळा सुटली की मी सानपाड्याला जायला लागले. दादाच्या पाणी तपासायच्या टेस्ट किटच्या बाटल्या काढल्या. मिठाचं प्रमाण बघितलं, बरोबर. चुना बरोबर. तापमान बरोबर, पाणी थंड ठेवणारा चिलर व्यवस्थित चालू. मग मला वाटलं, एवढे दिवस घरात धूप-उदबत्ती झाली, माणसांची गर्दी झाली, त्या धुराची हवा पंपाने पाण्यात ओढली असणार. पाण्यातली घाण शोषून घेणाऱ्या कोळशाची पिशवी सोडली. थोडं थोडं पाणी बदललं. फरक शून्य. जांभळी टोकं आधी फिकट गुलाबी झाली, मग चुन्यासारखी. मासे मजेत फिरत होते, याचा मला उगाचच राग यायचा. टँकसमोर उभी राहिले की पाठीमागे कुणीतरी बसलंय असं सारखं वाटायचं. वळून बघितलं की स्टूल रिकामं.

शेवटी मी त्या स्टुलावर बसले. आम्ही कुणीच तोवर त्यावर बसलो नव्हतो. दादासारखे हात पाठीमागे बांधले आणि बघत राहिले... आणि मग दिसलं. पांढरं पडत होतं ते फक्त वरून. टँकवरच्या लाइटकडे तोंड असलेली टोकं, मेंदूच्या वळ्यांचा वरचा भाग. दगडाच्या आडोशाला, सावलीत असलेल्या फांद्या अजून छान तपकिरी होत्या. एकाच प्रवाळाची वरची बाजू मेलेली आणि खालची जिवंत. पाण्यात दोष असता तर त्याने वरचं-खालचं बघितलं नसतं. मी वहिनीला विचारलं, टँकचा लाइट संध्याकाळी किती वाजता जातो गं? मी आपली रोज उजेडी यायची आणि अंधार पडला की घरी निघायची, त्यामुळे मला तो कधी बंद दिसलाच नव्हता. वहिनीने शेजारचा मोबाइल उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "जातच नाही. मी जाऊ देत नाही."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहाटे तिला जाग आली तेव्हा पिठावरचा दिवा विझलेला होता. बाल्कनीचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. आई शेजारीच झोपली होती. वहिनीने घाईघाईने दिवा पुन्हा लावला, कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही, आणि टँकचा लाइट मोबाइलवरून कायमचा चालू करून ठेवला. दिवा पुन्हा विझला तरी त्यांना अंधार नको, एवढाच तिचा विचार. दहाव्याला पिठावरचा दिवा उचलला, पण हा बंद करायला तिचा हात धजेना. तेव्हापासून दिवसरात्र त्या प्रवाळांवर भर दुपार होती. त्यांना रात्र मिळालीच नव्हती. उजेडाने भाजून निघाले होते ते.

मी समजावून सांगितलं. वहिनीला सगळं पटलं, पण मोबाइल तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. "तुझं बरोबर आहे," ती म्हणाली, "पण मी बंद केला आणि ते वाटेतच असले तर?" आणि खरं सांगते, मलाही तो बंद व्हायला नको होता. त्या निळ्या उजेडातच मी त्याला शेवटचं पाहिलं होतं.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. समोरच्या बिल्डिंगमध्ये एकेक घर उजळत होतं. तेराव्यानंतर वहिनीजवळच राहिलेली आई आत देवापाशी वात लावत होती, ती बाहेर आली. आम्हाला वाटत होतं तिला यातलं काही माहीत नाही. ती काचेजवळ गेली, पांढऱ्या पडलेल्या फांद्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तो दिवा इझलेला मीपन बगितला व्हता, गो. डोले मिटून परून राहिले." मग वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मालव बत्ती. उजेरान कना झोप येईल माज्या पोराला? दमलाय तो. निजू दे."

वहिनीने लाइट बंद केला. हॉल काळा झाला. पंप खाकरला, आणि या वेळी कुणीच दचकलं नाही. आम्ही तिघी जमिनीवर बसून राहिलो. बाहेरच्या दिव्यांचा जो काय थोडा उजेड येत होता त्यात हळूहळू दिसायला लागलं, की सावलीतल्या त्या तपकिरी फांद्यांमधून केसांसारखे बारीक हात बाहेर येताहेत. प्रवाळ अंधारातच हात बाहेर काढून खातात, हे दादाने मला कधीतरी सांगितलं होतं. मी ऐकून सोडून दिलं होतं. इतक्या दिवसांचे उपाशी होते ते सगळे. वहिनी काचेला कपाळ टेकून खूप रडली, तो गेल्यानंतर पहिल्यांदा.

वरची टोकं काही वाचली नाहीत. ती हाडं तशीच आहेत, आणि वहिनीने ती काढू दिली नाहीत. खालच्या बाजूने मात्र रंग इंचाइंचाने वर सरकतोय, असं मला वाटतं. तिला विचारलं तर ती म्हणते, घाई करू नको. टायमर आता व्यवस्थित लागला आहे, लाइट आपोआप मंद होत जातो आणि विझतो, कुणी काही करायची गरज नाही. तरी वहिनी दररोज त्या वेळेला हातातलं काम टाकून येऊन स्टुलावर बसते. परवा मी तिथेच होते. उजेड उतरत गेला, शेवटी काचेत फक्त आमचे चेहरे उरले, आणि मग तेही गेले. अंधारात वहिनी अगदी घरगुती आवाजात, दिवसभराचं काम आटोपल्यावर बोलतात तसं म्हणाली, "झोपा आता. मी बघते इथलं."

आतून आई म्हणाली, "झोपला?"

"हो," वहिनी म्हणाली.