मास्तरांची चार कोरी घरं

मास्तरांच्या मयतीत घोळ कॉम्प्युटरनं केला नव्हता. मी केला होता.

आज कल्लाप्पा मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी खोटं बोलतोय. आता बास.

मास्तर शिरोळचे. पोलीस बँडमधून रिटायर झाले आणि गावात स्वतःचं बँडपथक काढलं. लग्नाबिग्नात वाजवायचेच, पण गाव त्यांना ओळखायचं ते मयतीच्या धूनसाठी.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीसारख्या मखरात बसवून, खांद्यावरून नेतात. त्या वाटेसाठी मास्तरांनी स्वतः बांधलेली धून होती.

नव्वदच्या दशकात माझं शाहूपुरीत डीटीपीचं दुकान होतं. मी थोडीफार हार्मोनियम वाजवायचो, म्हणून कुणाकडून तरी नोटेशनचं सॉफ्टवेअर कॉपी करून आणलेलं. ते कळल्यावर मास्तर एसटीनं वही घेऊन आले.

"एवढं कॉम्प्युटरात घाला. परत्येकाचा कागद येगळा पायजे."

"कशाला मास्तर? तुमच्या पोरांना पाठ आहे की."

"पोरं माझ्या हाताकडं बघून वाजवत्यात. माझ्या येळंला मी वर बसलेला असणार. मग कुणाकडं बघतील?"

ते हसले. मीही हसलो.

तीन रविवार लागले. मी माउसनं एकेक नोट टाकायचो, ते शेजारी बसून वहीवर बोट ठेवायचे. धूनच्या मध्ये एका जागी चार बार कोरे होते. बार म्हणजे कागदावरची घरं समजा.

"इथं काय?"

"हितं काय न्हाय. मोकळंच ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात चहा आला. का मोकळं, हे मी विचारलं नाही.

पुढं कृष्णेच्या पुरात मास्तरांची वही गेली, छापलेले कागदही गेले. त्यांनी अंथरूण धरलं होतं. मुलगा राजू माळ्यावर वाचलेल्या दोन फ्लॉप्या घेऊन माझ्याकडं आला. "काका, दादांचा सगळा जीव ह्यात हाय."

जुनी फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर नोटांच्या जागी नुसते चौकोन.

जुना फॉन्ट शोधून टाकला. नोटा दिसल्या, तर क्लॅरिनेट सगळ्यांपेक्षा एक स्वर वर चढून बसलेलं. ते खाली आणलं. ट्रम्पेटचे काही बार खरंच उडाले होते, ते धूनच्या दुसऱ्या भागावरून बघून भरले.

आणि मग ती चार घरं दिसली. सगळ्याच वाद्यांची कोरी.

मला वाटलं, हीपण उडाली.

तो रविवारचा चहा मला आठवला नाही. आठ वर्षं झाली होती. आणि खरं सांगायचं तर मी तोवर स्वतःवर फार खूश झालो होतो. आधीचे चार बार कॉपी केले, तिथं पेस्ट केले. ऐकून बघितलं. सुरेख जुळलं.

शिरोळला फोन लावला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

फोन मास्तरांचाच आला. आवाज पार खोल गेलेला.

"काय गेलं-बिलं न्हाय न्हवं?"

"सगळं ठणठणीत आहे, मास्तर. एक नोट हललेली नाही."

"मग माझी काळजी मिटली बघा."

नऊ दिवसांनी मास्तर गेले.

मी गेलो होतो. विमानापुढं बँड, राजूनं जमवलेली नवी पोरं, प्रत्येकाच्या हातात मी छापलेले कागद. जुन्यांपैकी एकटे गुंडाप्पा, मोठा ड्रम वाजवणारे. त्यांना नोटेशन वाचता यायचं नाही.

ओढ्याच्या वळणावर गुंडाप्पांचा ड्रम थांबला.

बाकी बँड वाजतच राहिला.

पुढच्या खांदेकऱ्यानं काहीतरी ओरडून सांगितलं. ट्रम्पेटात कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यानं खांदा काढला, दुसऱ्यानं अजून दिला नव्हता. विमान कललं. मास्तर एका बाजूला झुकले, डोक्याचा फेटा रस्त्यावर पडला. राजूनं दोन्ही हातांनी बापाला धरलं.

बायका किंचाळल्या. पोरं घाबरून वाजवायची थांबली, पण आता थांबून काय उपयोग.

माती दिल्यावर गुंडाप्पा माझ्याकडं आले.

"पावणं, कागद तुमचंच न्हवं? तितली मोकळी जागा कुठं गेली?"

"कसली मोकळी जागा?"

"खांदा बदलायची. मास्तर हात वर करायचं, समदं गप. म्होरचा म्हणायचा धरा, मागचा म्हणायचा धरलं. मग परत वाजवायचं. त्येवढ्यासाठीच तर कागद केलतं की मास्तरांनी."

तेव्हा मला तो चहा आठवला.

राजू शेजारी उभा होता. हातात फेटा, त्याला लागलेली माती झटकत होता.

मी म्हणालो, "जुनी फाइल होती. कॉम्प्युटरनं घोळ केला."

राजूनं उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला. "असू दे काका. तुमी लई केलासा."

त्या दिवसापासून राजूनं ती धून बंद केली. म्हणतो, कॉम्प्युटरनं नासवली, आता खरी कुठली आणि खोटी कुठली कुणाला ठावं. मला वाटायचं, चला, विषय मिटला. इतका मी हलकट.

गेल्या महिन्यात गुंडाप्पा गेले. त्यांच्या विमानापुढं स्पीकरवर सीडी लावली होती. चाळीस वर्षं ज्यांनी गावाच्या मयतीत ड्रम वाजवला, त्यांच्या वाट्याला सीडी. मी मागच्या मागं घरी आलो, तिथं थांबवलं नाही.

राजू, तू हे वाचशील. धून नासलेली नाही. वळणावरच्या त्या चार घरांतले स्वर तेवढे माझे होते, ते मी काढून टाकलेत, घरं परत कोरी केलीत. बाकी सगळे स्वर दादांचे आहेत. उद्या सकाळी कागद घेऊन येतो. दारातून हाकललंस तरी कागद ठेवून घे.

मास्तर, तुम्ही विचारलं होतं, काय गेलं-बिलं नाही ना.

गेलं होतं. मीच घालवलं होतं.

माफ करा म्हणायचं तोंड नाही. मान खाली घालून नमस्कार करतो.