माहुलचा मूठभर जवळा

ऐंशीच्या दशकात माहुलच्या खाडीतल्या पाण्याचे नमुने घ्यायला मी कॉलेजातून जायचो. ज्याच्या होडीतून जायचो, त्या कोळ्याला अर्धं वाक्य बोलून थांबायची खोड होती. उरलेलं तो वल्ह्याच्या फटक्याने पुरं करायचा. माझ्या बाटल्या तो मासळीच्या बर्फात जपून खुपसायचा आणि उतरताना मूठभर जवळा कागदात बांधून द्यायचा.

एकदा मी फुशारकीने सांगितलं, "काका, एका बाटलीतलं पाणी उकळलं, दुसरीतलं तसंच ठेवलं. दोन्हींत शेतात फवारतात ते कीटकनाशक घातलं. महिन्याभरात उकळलेल्यात ते तसंच राहिलं, कच्च्यात निम्म्यावर आलं! पाण्यातले जंतू ते खातात."

"खातात नि मरत नाय?"

"काही मरतात. काही त्यावरच पोसतात."

"मग जंतूंना कोण खातं?"

"जवळा," मी बोलून गेलो.

वल्हं थांबलं. "म्हणजे इख संपलं, का जवळ्यात..."

"ते अजून आम्हालाही कळलं नाही, काका."

धक्क्यावर त्याने बाटल्या दिल्या. सवयीने मूठभर जवळा काढला, कागदात बांधला, माझ्याकडे पाहिलं आणि ती पुडी आपल्याच घरच्या पिशवीत टाकली.

त्याने मला जपलं, की तो माझ्यावर रागावला? "काका, मग तुम्ही..." एवढंच मी म्हणालो. पुढचं पुरं करायला माझ्या हातात वल्हं नव्हतं.