लवंगी बाईंचा पहिला प्रश्न

लवंगी बाई कुणाच्याही घरी आल्या की उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आधी टीव्ही बंद करायला लावत आणि मगच चपला काढत. घरातलं कुणी "आवाज बारीक करतो" म्हणालं, तर तशाच जिना उतरून चालू लागत. एकदा माझ्या नवऱ्याने, सुहासने, क्रिकेटच्या शेवटच्या षटकापुरती सवलत मागितली होती. "होऊ दे तुझं षटक, पोर काय थांबतेय मोठी व्हायची," असं म्हणून त्या गेल्या त्या आठवडाभर फिरकल्या नाहीत.

उंची बेताची, अंगकाठी बारीक, आवाज मात्र काळाचौकीच्या नाक्यापर्यंत जाणारा. चाळीतल्या पोरांनी त्यांचं नाव लवंगी पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. सारी नोकरी बालवाडीत झाली. बालवाडी बंद पडल्यावर घरी शिकवणी काढा, असं सगळ्यांनी सुचवलं, पण त्यांनी ते साफ उडवून लावलं. तीन-चार वर्षांच्या पोराला गणिताच्या शिकवणीला धाडणाऱ्या आईबापांनाच शिकवणी लावली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या खरोखरच तसं करत. ऐन स्वयंपाकाच्या वेळी तुमच्या घरी येत आणि मुलाला बाजूला बसवून तुम्हाला शिकवत. अट एकच, बापाने खाली जमिनीवर बसायचं.

आमच्याकडे त्या आल्या त्या संतापून. माझी मुलगी ईरा तेव्हा सीनियर केजीत होती. शाळेतल्या मिसने मला बोलावून सांगितलं की ही बोटांवर मोजते, ही सवय मोडा. पाच वर्षांच्या मुलीने बोटांवर नाही मोजायचं तर कशावर मोजायचं? पण शाळेपुढे आपलं डोकं चालत नाही. आम्ही तिला मंडळाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या अबॅकसच्या क्लासला घातलं. तिथले सर थोडे दिवस मुलांच्या हातात मण्यांची चौकट देत, मग ती काढून घेत आणि म्हणत, आता ती डोळ्यांसमोर आणा. मुलं हवेत बोटं नाचवून नसलेले मणी सरकवत. ईराला ते मणी कधी दिसलेच नाहीत. एकदा जिन्यात लवंगी बाईंनी तिला विचारलं, काय गं, कुठे निघालीस? ईरा म्हणाली, "अबॅकसला. मी स्लो आहे." अगदी सहज, स्वतःचं नाव सांगावं तसं. बाईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला जिन्यातून पळून जावंसं वाटलं. त्याच संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी ना आकडे काढले, ना पाढे म्हणवले. मी चपात्या लाटत होते. त्यांनी ईराला डब्याजवळ बसवलं, सुहासला तिच्यासमोर बसवलं आणि विचारलं, "पुरेल का?" किती चपात्या आहेत ते विचारलंच नाही. आज घरात जेवायला कोण कोण आहे, कोण किती खातं, आणि पुरेल का, एवढंच. ईरा विचारात पडली. बाबा जास्त खातात, आजी एकच खाते, असं म्हणत म्हणत तिने चपात्यांच्या चार चळती लावल्या, आपल्या वाटणीची एक कमी पडतेय हे तिचं तिलाच दिसलं आणि मला म्हणाली, "आई, अजून एक लाट." बाईंचं गणित असंच चालायचं. आधी पुरेल का, मग कमी की जास्त, आणि किती हा प्रश्न सगळ्यात शेवटी. लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात आणि मग पोराला आकड्यांची भीती का वाटते म्हणून विचारत बसतात, असं त्या म्हणायच्या.

'पुरेल का' हा प्रश्न माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, बिलकूल पटला नाही. आमच्याकडे तांदूळ संपले तरी संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. अन्नासमोर उणं बोलायचं नाही. आई मालवणच्या, इतकी वर्षं गिरणगावात काढूनही रागावल्या की मालवणीवर येतात. "भरल्या घरात असां इचारूचां नसतां," त्या बाईंना म्हणाल्या.

"नका विचारू," बाई म्हणाल्या. "पण न मोजता पंगत बसवली की शेवटची बाई उपाशी राहते. आणि वर म्हणते, मला भूकच नव्हती."

आई उठून आत गेल्या आणि उगाच भांडी लावत बसल्या.

बोटांवर मोजण्यावरून तर बाई पेटायच्याच. त्यांनी ईराला पेरांवर मोजायला शिकवलं, अंगठा एकेका पेरावर टेकवत, एका हाताला बारा. शाळेत चालत नाही म्हणून मी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी मला फैलावर घेतलं. म्हातारा माणूस पेरांवर जप मोजतो ती भक्ती, बायका पेरांवर तिथी मोजतात तो शहाणपणा, आणि पोरीने मोजलं की ती ढ? हात देवाने कशाला दिलेत, टाळ्या वाजवायला? त्या मिसपाशी याचं उत्तर असेल असं मला वाटत नाही.

आणि अबॅकसवर त्यांचा राग होता असं लोक सांगतात, ते धादांत खोटं आहे. त्यांच्याकडे स्वतःची चौकट होती. सायकलच्या चाकाच्या तारा, सुताराकडून मारून घेतलेली लाकडी पट्टी आणि बोराएवढे लाकडी मणी. एका तारेवरचे दहा मणी सरकवून झाले की ते सगळे परत ढकलायचे आणि शेजारच्या तारेवरचा एकच पुढे घ्यायचा. दहा गेले आणि एक आला, याचं ईराला इतकं नवल वाटलं की तिने ते सुहासला पुन्हा पुन्हा करून दाखवलं, आणि सुहासही शहाण्यासारखा पुन्हा पुन्हा चकित झाला. "मण्यांची काही चूक नाही," बाई म्हणायच्या. "पोराने अजून दहा धड पाहिले नाहीत, आणि हे त्याला डोळे मिटायला लावतात."

इतकं सगळं ऐकूनही आम्ही क्लास सोडला नव्हता. सुहास मंडळाचा कार्यकर्ता, हॉल मंडळाचा, आणि सरांनी गणपतीतल्या कार्यक्रमात ईराचं नाव आधीच घातलेलं. आता माघार कशी घ्यायची, असं तो म्हणाला. मराठी माणूस सगळ्यातून माघार घेईल, पण मंडळाच्या कार्यक्रमातून घेणार नाही.

तो कार्यक्रम आठवला की आजही माझं डोकं सणकतं. स्टेजवर मुलांची रांग, खाली खुर्च्यांच्या रांगा, बाजूला टेबलावर प्रसादाच्या शिऱ्याचे द्रोण मांडलेले. तो शिरा आमच्या आईंनी आणि चाळीतल्या बायकांनी सकाळपासून खपून केला होता, आणि त्या सगळ्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. सर माईकवरून भराभरा इंग्रजीत आकडे सोडत होते, मुलं हवेत बोटं हलवून उत्तरं देत होती, लोक टाळ्या पिटत होते. ईराची पाळी आली. तिची बोटं थोडी हलली आणि थांबली. सर माईकवर हसून म्हणाले, "हिची गाडी जरा स्लो आहे, धक्का मारायला लागतो." आणि लोक हसले. शेजारी, ओळखीचे, जिन्यात रोज भेटणारे, पाच वर्षांच्या पोरीला हसले.

मी उठेपर्यंत लवंगी बाई स्टेजच्या पायऱ्या चढल्या होत्या. मला वाटलं, आता सरांची काही धडगत नाही. पण त्यांनी सरांकडे पाहिलंही नाही. त्या ईराशेजारी उकिडव्या बसल्या आणि तिला म्हणाल्या, "ते द्रोण बघ. ही माणसं बघ. पुरेल का?"

माईकने ते सगळ्यांना ऐकवलं. ईराने द्रोणांच्या रांगा पाहिल्या, खुर्च्यांच्या रांगा पाहिल्या, अंगठा पेरांवर फिरवला. सरांनी घसा खाकरला, पण तिने घाई केली नाही. मग ती म्हणाली, "खुर्चीवरच्यांना पुरेल. मागे उभ्या आहेत त्यांना नाही मिळणार."

मंडळाच्या कार्यवाहांनी माईक खेचून घेतला, बाप्पाच्या प्रसादाला कधी उणं पडत नाही असं ठणकावून सांगितलं आणि जयजयकार करवला. दोन ज्येष्ठ मंडळी बाईंवर धावून आली. लेकराच्या तोंडून अभद्र बोलवता, तेही देवासमोर? बाई एवढंच म्हणाल्या की मोजून बघा. कुणीही मोजलं नाही. प्रसाद वाटला, खुर्च्यांपर्यंत पुरला आणि भिंतीपाशी पोचण्याआधी टेबल रिकामं झालं. आईंना मिळाला नाही. मी माझा द्रोण पुढे केला, तर म्हणाल्या, नको गो, माका भूकच नाय.

आणि त्या एवढ्या माणसांतल्या एकानेही माझ्या मुलीला सांगितलं नाही की तुझं उत्तर बरोबर होतं. सरांनी नाही, कार्यवाहांनी नाही, अभद्र अभद्र म्हणून ओरडणाऱ्यांनी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी लवंगी बाई दारात आल्या, टीव्ही बंद आहे याची खात्री केली आणि ईराला म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. चुकले ते." क्लास त्याच दिवशी सुटला. सुहास तिसऱ्या दिवशी आपणहून चौकटीसमोर मांडी घालून बसला. ईराने पुन्हा कधी स्वतःला स्लो म्हटलं नाही.

बाईंना मात्र त्यानंतर मंडळाच्या हळदीकुंकवाचंही बोलावणं आलं नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, मी घेतलं. पुढे त्यांची तब्येत ढासळली तेव्हा भाची वैशाली त्यांना कॉटन ग्रीनला आपल्या घरी घेऊन गेली. आम्ही अधूनमधून भेटायला जायचो. अंथरुणावरूनही त्या ईराला विचारायच्या, आज काय पुरलं नाही? आणि ईरा शोधून शोधून सांगायची.

त्या गेल्या तेव्हा ईरा दुसरीत होती. तेराव्याला आम्ही कॉटन ग्रीनला गेलो. वैशाली पहाटेपासून उभी होती, आणि पानं मांडली गेल्यावरही तीच वाढत होती. बाईंचे कुठले कुठले नातेवाईक पंगतीला बसले, आईंनाही बसवलं, माझं आणि ईराचंही पान मांडलेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ईरा अंगठा पेरांवर फिरवत होती. मला कळलं, पण मी तिला थांबवलं नाही.

"वैशालीमावशी," तिने विचारलं, "पुरेल का?"

एक गृहस्थ घास हातात धरून म्हणाले, अशा दिवशी असं विचारू नये बाळ. मी तोंड उघडणार तोच आई बोलल्या.

"इचारूं दे तिका. मोज गो बाय."

ईराने पानं मोजली, माणसं मोजली. "एक पान कमी आहे," ती म्हणाली. "वैशालीमावशीचं."

वैशाली कसनुसं हसली. माझं नंतर बघू, मला तशी भूकच नाही, असं म्हणत ती वरणाचं पातेलं घेऊन पुढे सरकू लागली. आईंनी गुडघ्यावर हात टेकला, पानावरून उठल्या आणि ते पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं.

"मी पण जलमभर असांच म्हणत इलंय," त्या म्हणाल्या. "बस."