ईदच्या सकाळचा खोकला

ही गोष्ट अजून माझ्या तोंडातून निघालेली न्हाई. लेकांना न्हाई, लेकीला न्हाई, शेजारच्या विश्वनाथअप्पालाही न्हाई — आन् त्याच्यापासून मी दुसरं काही लपवलेलं मला आठवत न्हाई. जिला सांगायला पाहिजे होती ती मातीआड गेली. आता तुमाला सांगतो. तुमी मला ओळखत न्हाई, हेच बरं हाय.

केजात माझं मोटारी भरायचं दुकान हाय. विहिरीवरच्या, बोअरवरच्या पाण्याच्या मोटारी, जळाल्या की आतली तार नव्यानं गुंडाळायची. जळलेली मोटार कुणी आणली की मी तोंडावर सांगतो — तुझ्या हलगर्जीपणानं जळली बाबा, लाईनीला दोष देऊ नको. गिऱ्हाईक चिडतं, पण परत माझ्याकडंच येतं. मिस्त्री फटकळ हाय पण खोटं बोलत न्हाई, असं लोक म्हणतात. पहिलं हे ऐकून मला बरं वाटायचं. आता कुणी म्हटलं की मी पान्हा घेऊन उगीच कुठलातरी नट पिळत बसतो.

शाळा चौथीपर्यंत. घरात आमी दखनी बोलतो, पण लिहायला मराठीच शिकलो, म्हणून घरातलं बोलणंही इथं मराठीतच लिहितो. मशिदीतल्या शिक्षणाचं म्हणाल तर — तेच तर सांगायचं हाय. पण जरा दमानं. आधी ईद सांगतो.

आमच्या ईदी लई चांगल्या होत्या. रोजे संपून चांद दिसला की हलिमा, म्हंजे माझी बायको, दूध आटवायला ठेवायची. बदाम भिजत घातलेले असायचे, ते सोलायला मला बसवायची. माझी नखं काळी, तांब्याच्या तारेनं कापलेली बोटं — तरी बदाम मीच सोलायचे. "मोटारीची तार सोलता ना, मग हे काय अवघड हाय?" म्हणायची. सकाळी आंघोळ, सुरमा, अत्तराचा फाया कानात. दोन पोरं दोन बाजूला, सलीम आन् जावेद, आन् आमी इदगाला निघायचो. जायचं एका वाटेनं, यायचं दुसऱ्या, अशी रीत हाय. येताना पोरं फुगे मागायची, मी रागवायचो, आन् मग घेऊन द्यायचो.

दारात हलिमा उभी असायची. गळाभेट बाजूला — आधी विचारायची, कुराणातली कोणती सुरह पढली मौलानांनी? आवाज शेवटपर्यंत येत होता का? किती माणूस होतं?

आमच्याकडं बायका इदगाला जात न्हाईत. तिचे वडील मशिदीत बांग द्यायचे. तिला लहानपणापासून कुराण येत होतं, गल्लीतल्या पोरी आमच्या ओट्यावर तिच्याकडं शिकायला यायच्या. कैक पोरी शिकून सासरी गेल्या. आन् तिनं स्वतः ईदची नमाज जमातीत, सगळ्यांच्या रांगेत उभं राहून, एकदाही पढलेली नव्हती. ती माझ्या तोंडून ऐकायची. मी काय सांगायचो? "लांब होती सुरह. लई गोड पढली." दर वर्षी तेच.

कावून? कारण मला कळायचंच न्हाई, कोणती पढली ते.

हा बघा, इथंच गाठ हाय. लहानपणी मला मशिदीत कायदा, म्हंजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, शिकायला बसवलं होतं. तिथून पळून मी सायकलीच्या दुकानात जाऊन बसायचो. बापाला ते बरंच वाटलं, चार पैसे येत होते. अलहम्द म्हंजे नमाजीतली पहिली सुरह — प्रत्येक नमाजीत लागणारी — ती मला अर्ध्यापर्यंत येती. पुढं नुसती गुणगुण. जन्मभर मी मौलानाच्या मागं उभा राहिलो. मागच्या माणसानं गप उभं राहायचं असतं, मग काय अडचण? वाकले की वाकायचं, उठले की उठायचं. दाढी आली, केस पांढरे झाले, लोक सलाम करायला लागले. कुणाला शंका यावी असं काही नव्हतंच.

आन् ओट्यावर माझी बायको दुसऱ्यांच्या पोरींना शिकवत होती. तिच्यापुढं जाऊन बसायला काय झालं होतं मला?

मग ते लॉकडाऊनचं साल आलं. रस्ते बंद, दुकान बंद, मशीद बंद. लेक शबाना आन् जावई मुनीर भेटायला म्हणून आलते, ते आमच्याकडंच अडकले. सलीम, त्याची बायको, जावेद होतेच; घर भरलं. खरं सांगतो, ते दिवस मला आवडले होते. संध्याकाळी रोजा सोडायला सगळे एका दस्तरखानावर. अप्पा त्याच्या गच्चीवरून ओरडायचा, "काय बे मिस्त्री, यंदा शीरखुर्मा पोचतो का आमाला? का कोरोनानं तुझा हात आखडला?" हलिमा खालून म्हणायची, "बादली सोडा अप्पा, दोरीनं. भरून पाठवते." लई हसायची. नंतर मी तिला तसं हसताना बघितलं का — मला आठवत न्हाई.

ईद जवळ आली आन् मौलानांचा निरोप फोनवर आला. इदगा बंद राहील. ज्या घरात चार मर्द असतील तिथं घरातच जमात करा, घरातलाच एक जण पुढं उभा राहून मोठ्यानं पढवील. चार नसतील तिथं ज्यानं त्यानं आपापली नफिल, म्हंजे एकट्यानं पढायची जादा नमाज पढावी.

हलिमानं बोटावर मोजलं न्हाई, तिला आधीच ठाऊक होतं. मी, सलीम, जावेद, मुनीर. चार. आन् घरातल्या जमातीत मागच्या रांगेत बायका उभ्या राहू शकतात.

तिनं जुने पडदे काढले, धुतले आन् मशीनवर बसली. दोन लांब पट्ट्या शिवल्या — एक पुढं मर्दांची, एक मागं बायकांची. मागची जास्त लांब. "एवढी कशाला?" मी विचारलं. म्हणाली, "राहू द्या. बाया कधी उभ्या राहत न्हाईत, जागा तरी मोकळी असू द्या." भिंतीपलीकडच्या अप्पाच्या बायकोला सांगत होती, "यंदा आमच्या यांच्या मागं ईदची नमाज हाय, वहिनी."

आमच्या यांच्या मागं. मी आत बसून ऐकत होतो.

सलीमला सगळं येतं. त्याला तिनंच शिकवलं. पण घरात बाप असताना लेक कसा पुढं उभा राहणार, असं तिचं म्हणणं. सलीमही म्हणाला, "अब्बा, तुमीच पढवा." मी म्हटलं, बघू. मला फक्त एवढं बोलायचं होतं — मला येत न्हाई, सलीमला पढवू दे. तो पुढं, मी मागं, चार होत होते. कुणाचं काय बिघडणार होतं? गिऱ्हाइकाला तोंडावर बोलणारा मी. पण ही लाज अशी हाय, की जितकी जुनी तितकी जड.

ईदच्या सकाळी आंघोळ केली. इस्त्रीचा जुना कुर्ता घातला. अंगणात दोन्ही पट्ट्या अंथरलेल्या, पांढऱ्या, कडक उन्हात वाळवलेल्या. हलिमा वजू करून, हात-तोंड-पाय धुऊन, डोक्यावर ओढणी घट्ट बांधून मागच्या पट्टीवर उभी सुद्धा राहिलती. कुणी यायच्या आधीच. मी मोरीत चूळ भरत होतो. तिथून ती दिसत होती.

आन् मी खोकलो.

एकदा खोकलो, मग अजून जोरात. गळा धरला. आवाज बसल्यासारखं केलं. माझा हिशोब एवढाच होता की हे म्हणतील, राहू द्या अब्बा, सलीम पढवील. बस.

पण त्या दिवसांत खोकला म्हंजे काय होता, हे मी विसरलो का? कसा विसरलो? अंगणात सगळे जागच्या जागी थांबले. शबानानं तोंडावर पदर घेतला. मुनीर भिंतीकडं सरकला. "घसा धरलाय नुसता," मी म्हणालो. कुणी ऐकलं न्हाई. सलीम म्हणाला, "अब्बा, मागच्या खोलीत चला. आवाज करू नका." बाहेर कळलं तर गल्लीला बांबू लागतील, सगळ्यांना उचलून नेतील, ही भीती. मला मागच्या खोलीत बसवलं, जिथं मी भंगार मोटारी ठेवतो. बाहेरून दार ओढलं.

राहिले तीन. तिघांची ईदची जमात होत न्हाई.

खिडकीच्या फटीतून मी बघत होतो. पोरांनी आपापली नमाज पढली, लांब लांब उभं राहून. हलिमा तिच्या पट्टीवर एकटी पढली. मग हात पसरून बसली. ऊन तिच्या तोंडावर आलं तरी हलली न्हाई. ती माझ्या खोकल्यासाठी दुआ मागत होती. जो नव्हताच.

दार उघडून मी बाहेर येऊ शकत होतो. कडी नव्हती लावलेली.

मग तिनं उंबऱ्यात काढ्याची वाटी आणून ठेवली. मिरे, हळद, गूळ. पोरं ओरडत होती, अम्मी लांब राहा, लांब राहा. तिनं ऐकलं न्हाई. "प्या," म्हणाली. "ताप हाय का अंगात?" मी मान हलवली. प्यालो. अप्पाची बादली त्या दिवशी वरच राहिली. त्याला निरोप दिला की दूध नासलं. हलिमाला साखरेचा आजार होता, वर्षातून एकदा, ईदला, एक चमचा शीरखुर्मा खायची. त्या वर्षी तो चमचाही घेतला न्हाई. तुमी बरे झाल्यावर, म्हणाली.

मी काही दिवसांनी "बरा" झालो. तिनं माझ्या नावानं खैरात वाटली. पट्ट्या घडी करून पेटीत ठेवल्या. पुढच्या ईदला, म्हणाली.

त्याच पावसाळ्यात ती गेली. साखर वाढली, पाय सुजला, मग किडन्या. कोरोना नव्हता. तिच्या जनाज्याच्या नमाजीलाही मी मागंच उभा होतो. ती नमाज मनातल्या मनात असती, तिथं कुणाच्या तोंडाकडं कुणी बघत न्हाई.

पुढच्या रमजानला परत सगळं बंद झालं. शबाना आन् मुनीर ह्या वेळी आधीच येऊन राहिले. ईदच्या सकाळी सलीमनं पेटीतून पट्ट्या काढल्या, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. म्हणाला, "अब्बा, पुढं व्हा."

मी म्हटलं, "मला पढवता येत न्हाई. तू पढव."

"बरं," तो म्हणाला. टोपी नीट केली आन् पुढं गेला. इतकंच. कुणी मान वर करून बघितलं न्हाई. कुणी हसलं न्हाई. जावेद पट्टीची सुरकुती काढत होता, तो काढतच राहिला.

मागच्या पट्टीवर शबाना आन् सून उभ्या राहिल्या, एका कडेला. बाकीची पट्टी मोकळी होती. सलीमचा आवाज चांगला हाय, आईसारखा, अक्षर खात न्हाई. कोणती सुरह पढतोय ते मला तेव्हाही कळलं न्हाई.

नमाज झाली. सुनेनं शीरखुर्म्याच्या वाट्या आणल्या, अप्पाची बादली भरून वर गेली. मला वाटी दिली.

मी खाल्ला.