रुक्माच्या पदरावरचे डाग

पाच फेब्रुवारी. आज आरोग्य केंद्रातलं कपाट आवरलं. मुदत संपलेली औषधं वेगळी काढताना लाल कॅप्सूलची पट्टी हाती आली आणि बाजारहत्नूरकडची रुक्मा आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वी मेंदूज्वरानं तिची धाकटी लेक गेली. मान ताठ झालेली ती पोर आदिलाबादच्या दवाखान्याच्या वाटेवरच संपली. साथ पसरू नये म्हणून मी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्या कॅप्सूल दिल्या. या औषधानं लघवी आणि डोळ्यांतलं पाणी लालसर होतं, हे वाटतानाच सांगितलं होतं. पण संध्याकाळी रुक्माच्या फिक्या पदरावर डोळे पुसल्याचे केशरी डाग दिसले आणि गल्ली बिथरली.

"सिस्टर, तिच्या डोळ्यातून रगत येऊन राह्यलं! आमी नाई देत लेकरायले," शेजारची म्हातारी माझ्यावर ओरडली. कुणी ऐकेना.

रुक्मा भिंतीला टेकून बसली होती. "माह्या पोरीले काऊन नाई देल्लं हे औषध, बाई?"

पोर आजारी आहे हे मला ती गेल्यावरच कळलं होतं. मला तेव्हा फक्त साथ थांबवायची होती. तिच्यावर काय गुजरत होतं, ते आज कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सोबत घेतलं. सुतकामुळे ती कुणाच्या घरात येईना. मी दार वाजवायचे आणि ती गल्लीतूनच पदर पुढे धरायची. "औषधाचा रंग हाय, रगत नाई. द्या तुमच्या लेकरायले." त्या घरातलं शेवटचं लेकरू औषध घेईपर्यंत ती उन्हात उभी राहायची, मग आम्ही पुढच्या दाराशी जायचो.