सासऱ्यांची तक्रारवही

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाचाही नकार मुकाट्याने ऐकून घेतलेला नाही, मग तो माणसाचा असो की यंत्राचा. पोस्टमन म्हणून निवृत्त झाल्यापासून ते मुरुमला एक छोटं वाचनालय सांभाळतात. तिथला संगणक ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणाला, तर दुसरा कुणी तो बंद करून पुन्हा चालू करेल. हे खुर्ची पुढे ओढून जाब विचारतात. “अर्ध्या पत्त्यावर म्या मानसं हुडकली, आन् तुला शेजारच्या खोलीतलं मशीन घावंना?” मग त्या खोलीत जाऊन निसटलेली वायर घट्ट बसवतात आणि तो संदेश तारखेसह वाचकांच्या तक्रारवहीत उतरवतात. समोरचा ‘खुलासा’ हा रकाना यंत्रासाठी मोकळा. पासवर्ड तीनदा चुकून लॉगिन अर्धा तास बंद पडलं, तर तो अर्धा तास हे हाताची घडी घालून पडद्याकडे रोखून बघत बसतात. मी संगणकवाला जावई. फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: “जावईबापू, भांडन आमचं दोघाचं हाय. तुमी च्या घ्या.”

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. वाचनालयातल्या एकूण एक पुस्तकाची नोंद त्यांनी दोन बोटांनी टाइप केली होती. दिवसकार्य आटोपल्यावर मी शहाणपणा केला. गेलेल्या माणसाचं लॉगिन चालू ठेवायचं नाही, या आमच्या धंद्यातल्या नियमाने त्यांचं ‘सुमन’ हे लॉगिन काढून टाकलं. सगळी पुस्तकयादी त्याच नावाने जोडलेली आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. सकाळी वाचनालय ठप्प. पडद्यावर एकच ओळ: ‘सुमन: ओळख पटली नाही.’

सासऱ्यांनी ती उभ्यानेच वाचली. आवाज चढला नाही, तेव्हा मी घाबरलो.

“हिची वळख पटंना व्हय रं तुला? समदं हिनंच भरलंय की तुझ्यात.”

मी ओशाळून आमचा नियम सांगितला आणि चूक कबूल केली. तुमच्या नावाने नवं लॉगिन काढून देतो, म्हणालो.

“नियम तुमच्या हापिसात. हितं तिचंच नाव ऱ्हाईल. लावा.”

नियम गुंडाळून ठेवला आणि लावलं. पडद्यावर ‘स्वागत, सुमन’ उमटलं. त्यांनी तक्रारवही ओढली आणि इतकी वर्षं कोऱ्या राहिलेल्या खुलाशाच्या रकान्यात लिहिलं: ‘ओळख पटली. तक्रार मागे.’

गेलेल्या माणसांची लॉगिनं मी ऑफिसात नेहमीच बंद करतो. हल्ली बंद करण्याआधी नाव एकदा मोठ्याने वाचतो.